बाळ ऑक्सिजनवर घरी येतंय, धुरीचं काय करू?

मुक्ता_लातूर
माझी लेक २८व्या आठवड्यात झाली, ९८० ग्रॅमची. आता पोटातले धरून ३७ आठवडे भरले, पण ऑक्सिजन सुटत नाही. डॉक्टर बीपीडी म्हणतात, म्हणजे लवकर जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसांचा रेंगाळणारा आजार. शिवाय हृदयात पीडीएचं छिद्र आहे. दोनदा औषध दिलं, बारीक झालं पण मिटलं नाही. पुढच्या आठवड्यात ऑक्सिजनसकट घरी सोडणार आहेत. सासूबाईंनी शेगडी काढून ठेवलीय, ओवा-बाळंतशेपाची धुरी द्यायला. दोन महिने त्यांनी दवाखान्यात रोज डबा पोचवलाय, त्यांना दुखवायचं नाही. काय सांगू?

सत्ताविसाव्याची_आई
मुक्ता, धुरी नकोच. शेजारच्या खोलीतही नको. माझा मुलगा घरी आल्यावर तिसऱ्या संध्याकाळी माझ्या आईने देवापाशी धूप लावला आणि ऑक्सिमीटर ९४वरून ८६वर आला. त्या रात्री मी डोळा मिटला नाही. शिवाय ऑक्सिजनजवळ शेगडी, निरांजन काहीच नको, ठिणगीचा भडका होतो.

आणि ते छिद्र नव्हे गं. पोटात बाळाची फुप्फुसं श्वास घेत नाहीत, म्हणून रक्त त्यांना वळसा घालून जायला एक छोटी रक्तवाहिनी असते. पुऱ्या दिवसांच्या बाळात ती दोन-तीन दिवसांत मिटते. आपल्या बाळांत उघडी राहते, मग जादा रक्त फुप्फुसात जातं, ती जड होतात आणि दम लागतो. आमची चौथ्या महिन्यात आपोआप मिटली. तुझ्या लेकीचं काय ते टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीच सांगेल, तारीख चुकवू नकोस. फुप्फुसातला रक्तदाब किती आहे, तेही विचार.

सासूबाईंना कांगारू शिकव. उघड्या छातीशी बाळ, वरून ओढणी. माझी आई दुपारी तास-तासभर बसायची, तेवढीच मला झोप मिळायची.

एनआयसीयू_सिस्टर
ताई, नळी आपल्या मनाने काढू नका. जागेपणी आकडा चांगला दिसतो, झोपेत आणि दूध पिताना उतरतो. पिताना घाम आला, बरगड्यांखाली खड्डे पडू लागले, ओठ निळसर झाले तर लगेच दवाखाना गाठा. डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही राहू देऊ नका. सहा महिन्यांनंतर फ्लूची लस तिला, आणि घरातल्या मोठ्यांनी आत्ताच घ्या.

मुक्ता_लातूर
सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. शेगडी अजून कोपऱ्यातच आहे, पण ८६चा आकडा त्यांनी दोनदा विचारला. कांगारूला सुती ओढणी चालेल ना?