मदत हवी आहे: कुपवाडलाच थांबू, चाकणला जाऊ की मामाच्या गलाईच्या दुकानात?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या.

गाव तासगाव तालुक्यात, वय 29. आयटीआय फिटर, त्यावर एक वर्ष अप्रेंटिस. गेली सहा वर्षं कुपवाड एमआयडीसीत एकाच कंपनीत जातोय. एकाच गेटातून जातो म्हणायचं, कारण कागदावर या सहा वर्षांत तीन ठेकेदार झाले. मशीन तेच, सुपरवायझर तोच, गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी तेवढी बदलते. आधी निळी होती, मग लाल, आता हिरवी. सात-आठ महिने भरत आले की "चार दिवस घरी बस" म्हणतात. परत आलं की नवीन कोड नंबर आणि पगार परत पहिल्या पायरीवर.

सगळं कापून हातात 13,200 येतात. पेट्रोलला 2,200 जातात. जेवण घरचं, त्यामुळं 11,000 शिल्लक म्हणायचे.

चाकणला एक मित्र आहे, तो बोलावतोय. तिथं ओव्हरटाइम धरून हातात 19,000 पडतात म्हणे. ऐकायला बरं वाटतं, पण वहीत मांडून बघितलं: चौघांत खोली 2,500, मेस 3,500, महिन्याला गावाकडं दोन फेऱ्या 1,500. उरले 11,500. म्हणजे पाचशे रुपयांसाठी आई-वडिलांना सोडून जायचं, आणि तिथंही ठेकेदारच! दोरीचा रंग काय असतो ते विचारायचं राहिलं.

तिसरा रस्ता मामाचा. मामा खानापूर तालुक्यातले, दक्षिणेत सोनं-चांदी गाळायचं दुकान आहे. राहणं-खाणं त्यांचं आणि वर्षाला एकरकमी पैसे. चार-पाच वर्षांत काम शिकलो तर भागीत घेईन म्हणतात. पण तेजाबाच्या धुरात राहून मामांची स्वतःची छाती कशी वाजते ते मी दिवाळीत ऐकलंय.

आमच्याच शिवारात ऑक्टोबरच्या द्राक्षछाटणीला टोळीतल्या माणसाला दिवसाची जी हजेरी पडते, ती माझ्या रोजापेक्षा जास्त बसते. ते काम बारमाही नाही हे कळतं, पण वडील दर सीझनला एकदा तरी ऐकवतात, "आयटीआयला दोन वर्षं कानस घासून काय मिळवलंस?" आजोबांच्या वेळी किर्लोस्करवाडीला माणूस चिकटला की पोरगी बघायला घरी लोक यायचे. माझ्याकडं येतात ते पहिला प्रश्न टाकतात, "परमनंट आहे का?" तिथंच चहा थंड होतो.

प्रश्न असा की यातलं काय करू? आणि 240 दिवस भरले की परमनंट करावं लागतं हे खरं का?

लेथवाला: भावा, चाकणचं तुझं गणित बरोबर आहे, मी तीन वर्षं काढलीत तिथं. फक्त एक विसरलास, तो 19,000 चा आकडा ओव्हरटाइम असतो तोवरच. ऑर्डर कमी झाली की 14 वर येतो, खोलीभाडं मात्र तेवढंच. शिवाय ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यायचा असतो. मित्राला विचार, दुप्पट मिळतो का सिंगल. गप्प बसला तर समजून जा.

हजेरीबुक: मी काही वर्षं एका ठेकेदाराकडं पगारपत्रकं केलीत, त्यामुळं दोरी का बदलते ते मला आतून माहीत आहे. तो ब्रेक 240 दिवसांसाठीच असतो. पण दिवस भरले म्हणून कुणी आपोआप परमनंट होत नाही. तुम्ही ठेकेदाराच्या नावावर, त्यामुळं ठेका नुसता दाखवायला आहे, काम कंपनीच घेते, हे आधी शाबित करावं लागतं. एकट्यानं वर्षानुवर्षं झेपणारं काम नाही ते.

त्याआधी दुसरं बघा. उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडा. दर ब्रेकनंतर नवीन यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, काढलाय का? पगारातून कापलेला प्रत्येक महिना तिथं जमा आहे का? ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, 0.75 टक्के कापतात ना, मग कार्ड चालू आहे का? आणि खरं सांगा, ब्रेकमध्ये पीएफ काढून खाल्लात का?

धागाकर्ता: खाल्ला. दोनदा. एकदा बहिणीच्या लग्नात, एकदा असाच.

हजेरीबुक: नुसता पीएफ काढला की पेन्शनच्या हिश्शाचाही फॉर्म भरला? पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. तो हिस्साही काढला असेल तर तेवढी वर्षं पुसली गेली. ब्रेकचं खरं नुकसान हे आहे, चार दिवसांचा पगार नव्हे. इथून पुढं काढू नका. जुनी खाती एका यूएएनला जोडून घ्या, म्हणजे ठेकेदार बदलला तरी सेवा पुढं मोजली जाते.

आटपाडीकर: गलाईबद्दल लिहितो, घरात दोन पिढ्या तेच चाललंय. भागी तोंडी असते. मामा सख्खे असले तरी कितव्या वर्षापासून किती आणे, ते आत्ताच चार माणसांत बोलून घ्या. नंतर मामी बोलते.

लेथवाला: सरकारी भरतीचं बघितलं का? महावितरणच्या विद्युत सहाय्यकाला फिटर चालत नाही, त्यात वेळ घालवू नको. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट आणि टेक्निशियनला फिटर चालतो, वयाची अट मात्र जाहिरातीत नीट बघ. अप्रेंटिसचं राष्ट्रीय प्रमाणपत्र असेल तर तेही शोधून ठेव.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. रात्री पासबुक उघडलं. दोन यूएएन निघाले. लाल दोरीवाल्याच्या काळातले पाच महिने जमाच नाहीत, पगाराच्या स्लिपवर मात्र कापलेले दिसतात. स्लिपा आईनं तांदळाच्या डब्यात ठेवल्या होत्या म्हणून राहिल्या. माझ्यासोबतच्या अकरा जणांचं हेच असणार, त्यातले दोघं यायला तयार झालेत.

चाकणला तूर्त नाही म्हणून कळवलंय. मामांना दिवाळीपर्यंत थांबा म्हणालोय.

हजेरीबुक साहेब, आमची सुट्टी गुरुवारी असते. पीएफ ऑफिसला तक्रार द्यायला तिघांनी एकत्र अर्ज लिहायचा की वेगवेगळा? आणि तो ठेकेदार आता कंपनीत नाही, तर नाव कुणाचं घालायचं, त्याचं की कंपनीचं?

हजेरीबुक: वेगवेगळा, प्रत्येकाचा यूएएन टाकून. नावं दोन्ही घाला. ठेकेदारानं भरला नाही तर मूळ मालकाकडून वसूल करता येतो. ओरिजिनल स्लिपा देऊ नका, झेरॉक्स द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.