मदत हवी आहे: हवेत नायट्रोजनच सर्वांत जास्त का?

जाणकारांनी जरा उलगडून सांगावं. कोरड्या हवेत नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१ टक्के, हे शाळेपासून पाठ आहे. पण नायट्रोजनच का? विश्वात हायड्रोजन आणि हेलियम सर्वाधिक. पृथ्वीच्या कवचाचं जवळपास निम्मं वजन ऑक्सिजनचं. शेजारच्या शुक्रावर कार्बन डायऑक्साइड ९६ टक्के आणि नायट्रोजन जेमतेम साडेतीन. मग आपल्याकडेच तो एवढा कुठून आला?

त्याच्या रेणूतला तिहेरी बंध फार मजबूत असतो, म्हणून तो सहसा कशाशी संयोग करत नाही, इथवर कळतं. पण शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो सतत हवेतून ओढून घेत असतात. वीज कडाडली की त्याची ऑक्साइडं बनतात. मग साठा कधीच संपायला हवा होता ना? इथे माझी गाडी अडते.

प्रतिसाद:
आधी शुक्राचं बघू. तिथे टक्केवारी फसवते. शुक्राचं वातावरण आपल्यापेक्षा नव्वदेक पट जड आहे, त्यामुळे त्या साडेतीन टक्क्यांतच आपल्या सुमारे तिप्पट नायट्रोजन भरतो. म्हणजे आपल्याकडे नायट्रोजन वाढलेला नाही, बाकीचे वायू गेले. हायड्रोजन, हेलियम हलके, ते अवकाशात निसटले. वाफेचे समुद्र झाले. कार्बन डायऑक्साइड त्या समुद्रांत विरघळला आणि त्याचा चुनखडक झाला. नायट्रोजन पाण्यात फार विरघळत नाही, त्याचे तसे खडकही बनत नाहीत. ज्वालामुखींतून आला तो बराचसा हवेतच राहिला.

आता तुमची खरी अडचण. नुसता उपसा चालू असता तर काही कोटी वर्षांत हवेतला नायट्रोजन खरंच संपला असता, आणि पृथ्वीचं वय आहे साडेचारशे कोटी वर्षं! पण पाणी साचलेल्या चिखलात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथले वेगळे जिवाणू नायट्रेटमधला (उपसलेला नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जाऊन शेवटी बनतं ते संयुग) ऑक्सिजन श्वसनासाठी वापरतात आणि नायट्रोजन मोकळा करतात. तो बुडबुड्यांतून पुन्हा हवेत येतो. समुद्रतळाच्या गाळातही हेच चालतं. मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार, शुक्राचा हिशेब लख्ख कळला. आता पुढचं विचारतो. हे चिखलातले जिवाणू नसते, तर विजेमुळे सगळा नायट्रोजन हळूहळू नायट्रेट होऊन समुद्रात गेला असता का? की जीवसृष्टीच नसती तर हवेत एवढा ऑक्सिजनही नसता, आणि मग नायट्रेट फारसं बनलंच नसतं? यावर कुणी लिहिलं तर फार बरं होईल.