नाकपुडीवरचा कॅन्सर काढला, आता कपाळाची कातडी वळवायची म्हणतात. कुणी केलंय का?

सांगलीची_लेक:
आईच्या (वय ६८) डाव्या नाकपुडीवरची खपली बरी होतच नव्हती. बायोप्सीत बेसल सेल कार्सिनोमा (कातडीचा कॅन्सर) निघाला. गाठ काढली, कडांना कॅन्सर उरलेला नाही, पण नाकपुडीला आरपार भोक पडलंय. सर्जन कपाळाचा फ्लॅप सुचवतात, म्हणजे कपाळाची कातडी एका टोकाला जोडलेली ठेवून नाकावर वळवायची. तीनेक आठवडे कातडीचा पट्टा भुवईपासून नाकापर्यंत तसाच राहणार. आई म्हणते, मांडीची कातडी लावा आणि मोकळं करा. चांगलं कपाळ कशाला फाडायचं?

निवृत्त_मास्तर:
ताई, माझं हेच ऑपरेशन झालंय. आईंना सांगा, आरपार भोकावर नुसती कातडी तगत नाही, तिला खालून रक्त मिळावं लागतं. कपाळाचा पट्टा भुवईजवळच्या धमनीचं रक्त सोबत घेऊन येतो, रंगही नाकाशी जुळतो. आतून अस्तर करावं लागतं. माझ्या कानातली कूर्चाही (लवचिक हाड) घातली, नाहीतर श्वास घेताना नाकपुडी आत ओढली जाते. टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचा साचा कापून डॉक्टरांनी कपाळावर माप आखलं होतं.

मधले आठवडे कठीण असतात, हे लपवू नका. पट्ट्यातून सुरुवातीला रक्त पाझरतं, उशी खराब होते. चष्मा बसत नाही; वाचन थांबल्याचा मला सगळ्यात त्रास झाला. भेटायला येणाऱ्यांना फोनवरच कल्पना द्या, म्हणजे दारात कुणी दचकणार नाही. आईंसमोर कुणी दचकलं तर ते त्यांना दुखण्यापेक्षा जास्त लागेल. कपाळाचा वरचा भाग शिवता आला नाही तर तसाच भरू देतात. माझा छान भरला.

वॉर्डातली_सिस्टर:
आई मिश्री लावतात का? तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅपचं टोक काळं पडू शकतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सर्जनना आधीच सांगा, स्वतःहून बंद करू नका.

पुणेरी_वाचक:
ही शस्त्रक्रिया आपल्याकडचीच. टिपूच्या कैदेत नाक कापलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाचं नाक पुण्याजवळ एका वीटकाम करणाऱ्या जातीच्या माणसाने कपाळाच्या कातडीतून घडवलं. मास्तरांच्या चंदेरी कागदासारखाच तिथे मेणाचा साचा होता. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात त्याची हकीकत छापून आली, आणि १८१४ मध्ये कार्प्यू या इंग्रज सर्जनने तिथे हीच रीत वापरली.

सांगलीची_लेक:
मास्तर, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. कपाळाला तयार आहे. मिश्री मात्र लावते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सोडली तर चालेल का?

वॉर्डातली_सिस्टर:
नाही, आजच बंद. निदान चार आठवडे तरी मध्ये हवेत. सर्जनशी बोलून तारीख पुढे घ्या, तोवर ड्रेसिंग चालू ठेवतील. सर्जननी पट्टा कापून सोडवल्यावर जखम भरेपर्यंत पुन्हा लावू देऊ नका.