मे महिन्यात गावी कोणते मोबाईल गेम? ('फोन कपाटात ठेवा' वाल्यांनी आधी वाचावं)

सड्यावरचा
काल इथे एकांनी लिहिलं, "कोकणात सुट्टीला येताय तर पोरांचे फोन कपाटात ठेवा, सूरपारंब्या शिकवा." साहेब, मे महिन्यात दुपारी बारा ते चार देवगडच्या कातळावर उभं राहून दाखवा, मग सूरपारंब्यांचं बघू. पडवीत आठ पोरं आणि एक पंखा, तोही लाईट असली तर!

माझा निकष साधा. रेंज नसताना चालला पाहिजे आणि एका फोनभोवती चौघं तरी बसली पाहिजेत. लुडो किंग त्यात पहिला. २०१६ चा, नवी मुंबईच्या कंपनीचा. फोन हातोहात फिरवत सहा जणांपर्यंत खेळता येतं. लहानांना हिल क्लाइंब रेसिंग. बुद्धिबळवाल्यांना लिचेस: फुकट, जाहिरात नाही, नेट नसलं तरी फोनशीच डाव मांडता येतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला तेव्हापासून आमची भाची त्यातच आहे. बीजीएमआय, म्हणजे भारतातला पबजी, मात्र नको. नेट सतत लागतं आणि पानं वाढली तरी डाव सोडून कोणी उठत नाही.

वाशिष्ठीकाठ
ते 'एकांनी' म्हणजे मी. नाव घ्यायला लाज वाटली का?
लुडोच खेळायचा तर पट आणा. फासा हातात खुळखुळवण्यातच अर्धी मजा. फोनवरचा फासा कोण टाकतो कोणास ठाऊक, माझ्या मेहुण्यालाच बरे सारखे सहा पडतात.

सड्यावरचा
पट आहे हो. दरवर्षी एक सोंगटी हरवते. सध्या लाल घरात दोन काजूच्या बिया आहेत, तिसरी कोणीतरी भाजून खाल्ली.

कलमबाग
गेम कुठला ते सोडा, वायफाय कोणाचं ते बोला. चाकरमानी गाडीतून उतरले की पाण्याआधी पासवर्ड मागतात. गेल्या मे मध्ये घरात अकरा माणसं. मी खळ्यात बसून गिऱ्हाईकाला आंब्याच्या पेटीचे फोटो पाठवतोय, फोटो जाईना. का? तर माळ्यावर पुतण्याचा गेम अपडेट होत होता. गिऱ्हाईकाने दुसऱ्याकडून माल उचलला. त्याचं नुकसान कोण भरणार?

डोंबिवलीकर
चाकरमानी चाकरमानी करू नका. त्याच गाडीच्या टपावरून तुमच्या पेट्या फुकटात मुंबईला जातात ना? गणपतीत भजनाला माणसं कमी पडली की आम्ही आठवतो, आणि पासवर्ड मागितला की डोळ्यांवर येतो.

कलमबाग
दोन पेट्या नेल्यात आणि त्यातली एक घरीच खाल्लीत. बोलायला लावू नका.

गजालकार
तुमका वायफायवरना भांडूक तरी मिळता. आमच्या वाडीत फोन लावचो झालो तर सड्यार जावचा लागता. थय रेंज येता तर माणूस नाय.

डोंबिवलीकर
मग मिनी मिलिशिया घ्या. एकाने हॉटस्पॉट चालू करायचा, बाकीच्यांनी जोडायचं. नेट लागतच नाही, कोणाच्या उपकाराची गरज नाही. कोकण रेल्वेच्या करबुडे बोगद्यात साडेसहा किलोमीटर आम्ही हाच खेळलो, डबा दणाणून सोडला.

वाशिष्ठीकाठ
बंदुकाच शेवटी. वा.
बरं, एक कबूल करतो, उगाच चढून बसू नका. आमच्या काकीचे गुडघे गेलेत, पटाशी खाली बसता येत नाही. ती खुर्चीत बसून लुडो किंग खेळते आणि नातवांची सोंगटी मारताना तिला कसलीही दया येत नाही. तेवढा एक गेम चालेल. पण पैसे लावायची रमी कोणी सुचवू नका. माझ्या आतेभावाने त्यात बागेच्या फवारणीचे पैसे घालवले. २०२५ मध्ये कायद्याने बंदी आली, आमच्याकडे उशिराच.

सड्यावरचा
रमी मी सुचवलीच नव्हती. पण काकींना नमस्कार.
आणि एक सगळ्यांनाच: फणस फोडलेल्या हाताने फोन घेऊ नका. गेल्या वर्षी आमच्या स्क्रीनला चीक लागला, बोट उचललं तरी सोंगटी पुढे पळायची. खोबरेल चोळून पुसलं तेव्हा सुटला. तोवर पोरगं तेवढ्यावर एक डाव जिंकलं होतं.

कलमबाग
पासवर्ड बदललाय. यंदा कोणी विचारू नये.

डोंबिवलीकर
वहिनींनी कालच पाठवला.