एबोनाइटचं पेन तिसऱ्या दिवशी गळतंय, निब बदलू का?

टिळकवाडीकर
रोज चार-पाच पानं मराठी आणि पान-दीड पान कन्नड लिखाण असतं. सध्या राजमुंद्रीकडचं एबोनाइटचं (कडक रबराचं) शाईपेन वापरतोय, ३५ मिमीची निब, ड्रॉपरने शाई थेट नळीत. भरल्यावर दोन दिवस झकास. तिसऱ्या दिवशी लिहिता लिहिता टपकन थेंब पडतो, पान गेलंच म्हणायचं. दुकानदार म्हणतो निब बदला. पटत नाही. शिवाय हजाराच्या आत रोजच्याला दुसरं काय घ्यावं? आणि एखादं जुनं पार्कर ५१ संग्रहाला घ्यायचं मनात आहे.

शाईची_दौत
निबला हात लावू नका, तिचा दोष नाही. तिसऱ्या दिवशीच गळतं यातच उत्तर आहे बघा. शाई कमी झाली की नळीत हवा जास्त, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला खाली ढकलते. जिभेच्या (निबखालचा, शाई पुढे नेणारा भाग) खाचांत मावेल तेवढी शाई थांबते, उरलेली थेंब होऊन पडते. म्हणून एक तृतीयांश शाई उरली की लगेच भरा, पेन रिकामं होईपर्यंत ताणू नका. लिहायला बसताना टोपण न काढता, निब वर धरून मिनिटभर मुठीत ठेवा, मग उघडा.

तरी गळलं तर दोन जागा तपासा. पहिली आटे: मोहरीएवढं सिलिकॉन ग्रीस आट्यांवर फिरवा. व्हॅसलीन नको, आत रबरी रिंग असेल तर ती फुगते. दुसरी जागा निब आणि जीभ यांच्यातली फट. निब-जीभ सरळ ओढून बाहेर काढा, निब जिभेवर नीट बसवा, चहासाठी उकळून जरा निवलेल्या पाण्यात १५-२० सेकंद धरा आणि कापडाने दाबून गार होऊ द्या. जीभ एबोनाइटची असेल तरच हे जमतं. प्लास्टिकच्या जिभेला हा उपाय नाही. आणि पेनाची नळी चुकूनही गरम पाण्यात घालू नका, काळं एबोनाइट तपकिरी पडतं आणि चकाकी जाते.

निपाणीचा_बोरू
वर सांगितलंय ते बरोबर. मी अक्षराचं बोलतो.

क्ष, ष, ळ यांची पोटं मीडियम निबने भरून येतात. कन्नडात तर अक्षराच्या खाली ओत्ताक्षर (जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन) बसवायचं असतं, जागा आणखी कमी. म्हणून तुमच्या कामाला जपानी फाइन. युरोपी फाइनपेक्षा ती बारीक असते. हजाराच्या आत प्लॅटिनम प्रेपी, ०३ म्हणजे फाइन छापलेली. टोपणात आतलं सील असल्याने आठवडाभर पडून राहिली तरी पहिल्या रेघेला चालते. तिचं दुखणं एकच, टोपणाची कड तडकते, घट्ट दाबू नका. ड्रॉपरने भरू नका, कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी छोटी नळी) लावा, नाहीतर पुन्हा तेच थेंबाचं रडगाणं.

फार टोकदार निबही घेऊ नका. कन्नडची गोल वळणं घेताना निब वर ढकलावी लागते, तिथे ती कागदात रुतते आणि शाई शिंपडते.

स्टब निबचा (रुंद, सपाट टोकाची) मोह होईल. रोमनसाठी घासलेली स्टब देवनागरीत जाड-बारीक उलटं करते, कारण आपला बोरू रोमनच्या विरुद्ध तिरका कापतात. डावखुऱ्यांसाठी तिरकी घासलेली मिळाली तरच घ्या.

कागदाचंही बघा. पावसाळ्यात खानापूरकडे वही दमट होते आणि चांगल्या कागदावरही शाई फुटते. पेनाला शिव्या देण्याआधी वही बंद डब्यात ठेवून बघा.

जुनी_टोपणं
पार्कर ५१ बद्दल. १९४१ साली बाजारात आलं. आधीच्या व्हॅक्युमॅटिक पेनांत शाई ओढणारा रबरी पडदा असतो, तो बहुतेक कडक झालेला सापडतो, नवखा त्यात अडकतो. १९४८ पासूनचं एरोमेट्रिक, म्हणजे पिशवी दाबून शाई भरायचं, घ्या. नळी उघडून धातूच्या कवचातली पिशवी पाहा: पारदर्शक, मऊ हवी. पाणी ओढून निब खाली धरून दहा मिनिटं ठेवा, थेंब पडला तर परत करा. निब झाकणाऱ्या पुढच्या कवचावर केसाएवढी चीर आहे का, उजेडात फिरवून बघा. साफ करताना स्पिरिट किंवा नेलपॉलिश रिमूव्हर नको, ॲक्रिलिकला जाळी पडते.

यात टणक सुकणारी ड्रॉइंगची शाई घालायची नाही. आत सुकली की पेन संपलं.

टिळकवाडीकर
आभार. काल निबला हात लावला नाही, बरं झालं. अजून एक: पणजीहून चोर्ला घाटाने बेळगावला येताना टोपण शाईने भरतं, जाताना कधीच नाही. हे कसं?

शाईची_दौत
बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. वर चढताना बाहेरचा दाब आठ-नऊ टक्के कमी होतो, आतली हवा तेवढी फुगते. उतरताना उलट, हवा आत ओढली जाते. येताना काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामं करा, आणि निब वर ठेवून खिशाला लावा. बॅगेत आडवं टाकू नका.