स्पायरोमीटरचे बॉल हलत नाहीत, कणकवलीत बदलून कुठे मिळेल?

खाडीकाठ: बाबांना ऑपरेशननंतर ते श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलचं यंत्र दिलंय. एकही बॉल वर जात नाही. मी स्वतः जोर लावून बघितलं, माझेही नाहीत. म्हणजे पीसच खराब. देवगडात दोन मेडिकल फिरलो. कणकवलीत मिळेल का? आज पाहिजे.

रानमेवा: ऑपरेशन कसलं? किती दिवस झाले?

खाडीकाठ: बायपास. कोल्हापूरला. परवा घरी आणलं. प्रश्न दुकानाचा आहे.

घाटवाट: कुठल्या घाटाने आणलंत? करूळने की फोंड्याने? आम्हाला पुढच्या आठवड्यात आत्याला न्यायचंय.

शंखनाद: प्लास्टिक कशाला? रोज पहाटे शंख फुंकायला सांगा. माझ्या काकांचा दमा त्यानेच गेला.

फिजिओताई: शंख अजिबात नको! छातीचं मधलं हाड कापून तारेने बांधलेलं असतं, जुळायला दीड-दोन महिने लागतात. दम्याचा इथे काय संबंध? खाडीकाठ, एकच सांगा, नळीत फुंकताय की नळीतून ओढताय?

शंखनाद: आमच्या आजोबांच्या वेळी कुठे होती ही यंत्रं?

रानमेवा: बायपासही नव्हती तेव्हा.

खाडीकाठ: फुंकतोय. फुग्यासारखं. चूक आहे का?

फिजिओताई: तिथेच घोटाळा आहे, पीस चांगला असणार. ओढायचं असतं, सरबत स्ट्रॉने ओढतो तसं. ताठ बसवा, यंत्र सरळ धरा (तिरकं धरलं की बॉल फुकट वर जातात, पेशंट हमखास ही चलाखी करतात). आधी पूर्ण श्वास सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, सावकाश ओढायचं, ३ ते ५ सेकंद धरायचं. जागेपणी दर तासाला दहा वेळा, मध्ये थांबत. गरगरलं तर बंद. बॉलवरचे ६००, ९००, १२०० आकडे सेकंदाला किती सीसी हवा ओढली त्याचे. पहिल्या आठवड्यात एकच उठला तरी पुरे. आणि नंतर छातीशी उशी दाबून खोकायला लावा, कफ बाहेर पडायला हवा. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, मग फुप्फुसाचा तळ मिटतो आणि न्यूमोनियाची भीती. ताप, पिवळा कफ किंवा धाप वाढली तर थेट सर्जनना फोन करा.

रानमेवा: आमच्याकडे सासऱ्यांनी पण आठवडाभर फुंकलं होतं. डिस्चार्जच्या गडबडीत कोणी दाखवतच नाही.

खाडीकाठ: ओढल्यावर माझे तिन्ही गेले! बाबांचा पहिला अर्धा. आता म्हणतात, चतुर्थीला डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, उभा राहणार. दोन महिने आहेत. जमेल?

डबलबारी_वेडा: बुवा कोण? कुठल्या वाडीचे? पखवाजाला कोण असतं?

फिजिओताई: ते त्यांच्या सर्जननाच विचारा. तोवर गुणगुणणं चालेल, तार सप्तक नको.

घाटवाट: घाटाचं कोणी सांगेल का?