चोरीला गेलेले आजोबांचे नाणे ऑनलाइन लिलावात दिसले. आता काय करावे?

कर्वेनगरकर (प्रश्न)

नमस्कार. गेल्या दिवाळीत आम्ही गावी गेलो असताना आमच्या घरी चोरी झाली आणि इतर ऐवजाबरोबर आजोबांचा नाणेसंग्रहही गेला. त्यात पेशवाईतील काही अंकुशी रुपये (अंकुशाची खूण असलेली चांदीची नाणी) आणि तांब्याची बरीच शिवराई नाणी होती. गुन्हा तेव्हाच नोंदवला आहे. परवा एका ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर त्यांतला एक अंकुशी रुपया विक्रीस ठेवलेला दिसला. तो आमचाच आहे असे मी खात्रीने म्हणतो, कारण आजोबांनी प्रत्येक नाण्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा वहीत उमटवून घेतला होता आणि शेजारी वजन लिहिले होते. त्या रुपयावर सराफांनी पारखताना मारलेल्या खुणा वहीत जिथे आहेत तिथेच छायाचित्रातही दिसतात. विक्रेत्याचे फक्त टोपणनाव कळते. लिलाव रविवारी रात्री संपतो. बोली लावून नाणे सोडवून घ्यावे, विक्रेत्याला लिहावे, की पोलिसांकडे जावे? संकेतस्थळावर काही जबाबदारी येते का?

सदाशिवपेठी

मी आपल्या जागी असतो तर सरळ बोली लावली असती. पोलीस ठाणे आणि न्यायालय यांच्या खेपा घालण्यात जो काळ जाईल, त्यापेक्षा काही हजार रुपये गेलेले परवडतील, शिवाय आजोबांची आठवण निश्चितपणे घरी येईल.

वकील_शिवाजीनगर

वरील सल्ल्याशी मी सहमत नाही. पैसे देऊन एक नाणे मिळेलही, परंतु उरलेला संग्रह कोणाकडे आहे हे सांगू शकणारा एकमेव माणूस त्या व्यवहारानंतर हातचा जाईल, आणि त्याच्याकडचा पुढचा माल खपवण्याचे धैर्य आपणच त्याला दिलेले असेल. विक्रेत्याला तर एक ओळही लिहू नका. त्याला सुगावा लागला की नाणे संकेतस्थळावरून उतरेल.

मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ चे सर्वसाधारण तत्त्व असे आहे की, विकणाऱ्याकडे जी मालकी नाही ती तो घेणाऱ्याला देऊ शकत नाही. त्यामुळे ते नाणे मधल्या काळात कितीही हातांतून फिरले असले, तरी चोरीमुळे आपली मालकी संपत नाही. विक्रेता गुन्हेगार ठरेल की नाही हा मात्र वेगळा प्रश्न आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेणे किंवा बाळगणे यासाठी ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, पण माल चोरीचा आहे हे त्याला ठाऊक होते किंवा तसे मानण्यास कारण होते, हे सिद्ध व्हावे लागते.

उद्याच तपास अधिकाऱ्यांना भेटून पुरवणी जबाब द्या आणि वहीची ती पाने, विक्रीच्या पानाची संपूर्ण चित्रे व त्याचा पत्ता जोडा. संगणकावरील चित्रांसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे ती कोणत्या उपकरणावर व कशी घेतली हे सांगणारे, प्रमाणपत्र लागते. ते आत्ताच तयार ठेवावे. संकेतस्थळाला माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७९ चे संरक्षण असते, त्यामुळे दुसऱ्याने विकलेल्या मालासाठी ते आपोआप दोषी ठरत नाही. तरीही त्याच अधिनियमाखालील २०२१ च्या नियमांनुसार पोलिसांनी लेखी मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत माहिती देणे त्याला बंधनकारक आहे, आणि विक्रेत्याने खाते बंद केले तरी नोंदणीची माहिती १८० दिवस जपावी लागते. टोपणनावामागचा माणूस या मार्गानेच सापडेल. संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे मात्र तपास अधिकाऱ्यांना विचारूनच जा, कारण तक्रारीमुळे नाणे वेळेआधी उतरवले गेले तर नुकसान आपलेच आहे.

टांकसाळ

मी बरीच वर्षे मराठा नाणी जमवतो, म्हणून ओळख पटवण्यापुरते लिहितो. चोरीला गेलेल्या इतर वस्तूंच्या तुलनेत आपली बाजू भक्कम आहे. यंत्रावर पाडलेला ब्रिटिशकालीन रुपया दुसऱ्यासारखाच असतो. हाताने पाडलेली नाणी तशी नसतात. ठशाचा साचा धातूच्या चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे प्रत्येक शिवराईवर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ या अक्षरांचा वेगळाच भाग उमटतो, कडा वेगळ्या ठिकाणी फाटलेली असते, आणि रुपयावर सराफांच्या खुणांची भर पडते. एवढ्या गोष्टी एकाच वेळी दुसऱ्या नाण्यावर जुळून येत नाहीत. म्हणून आजोबांची ती वही हाच आपला सर्वांत मोठा पुरावा आहे. मूळ वही कोणाच्याही हाती पोचपावतीशिवाय देऊ नका. वहीतला ठसा आणि छायाचित्र एकाच मापात शेजारी ठेवून, प्रत्येक खुणेवर बाण काढलेले एक पान करा. नाण्यांची सवय नसलेल्या अधिकाऱ्यालाही ते क्षणात पटेल.

आणखी एक बाब मला महत्त्वाची वाटते. अंकुशी रुपयात सुमारे ११ ग्रॅम वजनाची चांदी असते, आणि चोराने तो आटवला असता तर कसलाच माग राहिला नसता. संग्राहक धातूच्या किमतीहून बरेच अधिक देतात, म्हणूनच तो अखंड राहून लिलावात आला. तांब्याच्या शिवराईला तर संग्राहकाशिवाय गिऱ्हाईकच नाही. त्यामुळे उरलेली नाणीही आज ना उद्या बाहेर येतील असे मानून, बाकीच्या पानांवरील ठसे पुण्यातील नाणी विकणाऱ्यांना आणि संग्राहकांना दाखवून ठेवा; बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारातही चक्कर मारा. आम्हा घेणाऱ्यांनीही ‘कुठून आले’ हे विचारल्याशिवाय बोली लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, ही गोष्ट ऑनलाइन बोली लावणाऱ्या अनेकांना माहीतच नसते.

कर्वेनगरकर

सर्वांचे आभार. उद्या सकाळी ठाण्यात जातो. दोन शंका आहेत: रविवारपर्यंत पोलिसांकडून काही झाले नाही आणि एखाद्या भल्या माणसाने नाणे विकत घेतले, तर? आणि जप्त झालेला माल वर्षानुवर्षे ठाण्यात पडून राहतो म्हणतात, ते खरे आहे का?

वकील_शिवाजीनगर

लिलाव संपला तरी पैसे कोणाला गेले आणि पार्सल कोठे पोहोचले याची नोंद राहते, त्यामुळे पोलिसांना नाणे घेणाऱ्याकडूनही जप्त करता येते. त्याने प्रामाणिकपणे घेतले असेल तर त्याला शिक्षा नाही. त्याने दिलेली किंमत विक्रेत्याकडून परत मागावी, तो हक्क त्याला मालविक्री अधिनियमाचे कलम १४ देते.

मुद्देमालाबाबत, म्हणजे जप्त मालाबाबत, आपली भीती निराधार नाही. तथापि सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात असा माल ठाण्यात विनाकारण अडकवून ठेवू नये, असे स्पष्ट केले आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ४९७ मध्ये आता मुदतीही घातल्या आहेत: माल न्यायालयापुढे आल्यापासून १४ दिवसांत त्याचे वर्णनपत्र, आणि वर्णनपत्र व छायाचित्रे झाल्यावर ३० दिवसांत तो कोणाला द्यायचा याचा आदेश. नाणे जप्त झाल्याचा पंचनामा झाला की त्याच आठवड्यात सुपूर्तनाम्यावर (न्यायालय मागेल तेव्हा माल हजर करण्याच्या लेखी हमीवर) ताबा मिळण्याचा अर्ज दाखल करा, आणि अर्जाला वहीच्या त्या पानाची प्रत जोडा.